ओल्या मालाची विद्या

जूचंद्रची रांगोळी पाहायला दिवाळीत लांबून माणसे येतात. पश्चिम रेल्वेच्या नायगावला उतरून पूर्वेला रिक्षा करायची, नाहीतर वसई-दिवा मार्गावरच्या जूचंद्र स्थानकावरच उतरायचे. टेकडीवर चंडिकादेवी, खाली आगरी वस्तीचे जुने गाव आणि चारी बाजूंनी वर चढत चाललेले टॉवर. रांगोळीकारांचे गाव म्हणून जूचंद्रची ख्याती आहे. जमिनीवर काढलेल्या चेहऱ्याच्या कपाळावरची आठी आणि डोळ्यातले पाणी पाहून नवखा माणूस विचारतो, हा फोटो छापून चिकटवलाय का?

चित्रापेक्षा हाताकडे पाहावे. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीतून भुकटी सुटते, हात पुढे सरकतो, आणि दोन्हींचा वेग जुळला तरच रेघ एकसारखी पडते. हात रेंगाळला की रेघ फुगते, घाई झाली की तुटते. भुकटी चाळलेली हवी, कण सारखे हवेत, रंग नीट मुरलेला हवा. हवेत दमटपणा असेल तर तीच भुकटी बोटांना धरते आणि चिमटीचा दाब बदलावा लागतो. हे कोणी लिहून ठेवलेले नाही. दहा-बारा वर्षांचे पोर मोठ्यांच्या शेजारी बसून ते शिकते.

वास्तुशास्त्रात सध्या एक नवी शाखा जोर धरते आहे. शेतातला, जंगलातला, समुद्रातला जैविक माल घ्यायचा आणि रोबोच्या हाताने त्याची भिंत, छत किंवा खांब घडवायचा. स्टुटगार्ट, झुरिक, बार्सिलोना, सिंगापूर, बॉस्टन इथल्या विद्यापीठांत त्यावर वर्षानुवर्षे काम चालू आहे. तिथल्या अडचणी ऐकल्या तर त्या जूचंद्रच्या रांगोळीकाराला परक्या वाटणार नाहीत. माल नळीतून किती वेगाने सुटावा? हात किती वेगाने फिरावा? हवा बदलली की काय बदलावे? रोबोला वळणे शिकवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ती मालाची समज, आणि माल ओला असताना लागणारी समज तर सर्वांत अवघड. ती आपल्याकडे भरपूर आहे. फक्त तिला कोणी संशोधन म्हणत नाही.

कुडाच्या भिंतीत काय असते

पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात वारली पाड्यांवर आजही कुडाची घरे दिसतात. छत तोलायला मेढी, म्हणजे टोकाला दुबेळके असलेले लाकडी खांब. त्यांच्या बेचक्यात आढे, आढ्यावर वासे. भिंतीसाठी कारवीच्या काठ्या उभ्या लावून आडव्या काठ्यांनी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचा भुसा यांचा लेप द्यायचा. वारली चित्रे ज्या भिंतीवर जन्मली ती हीच भिंत. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ शेणमातीवर उठून दिसते.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर हा संयुक्त पदार्थ आहे. कारवी ताण घेते, माती दाब घेते, भुसा सुकताना पडणाऱ्या भेगा अडवतो. लोखंडी सळई आणि काँक्रीट यांची कामाची वाटणी तशीच असते. फरक वजनात आहे आणि आयुष्याच्या कल्पनेत आहे. कुडाच्या घराला दरवर्षी पावसाळ्यानंतर हात फिरवावा लागतो. आपण त्याला कच्चे घर म्हणतो, सरकारी कागदही तेच म्हणतो. पण काँक्रीटच्या इमारतीलाही दुरुस्ती लागतेच. वसई-विरारमध्ये ज्यांनी तीसेक वर्षांच्या इमारतीतल्या गळक्या छताखाली बादल्या ठेवल्या आहेत, त्यांना ते वेगळे सांगायला नको.

वेरूळची भांग

जैविक मालाचा मराठी मुलखातला सर्वांत भक्कम पुरावा वेरूळला आहे. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा तपासला. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे अंश मिळाले. ओळख पटवण्यासाठी सरदेसाई यांनी जालना परिसरातून आणि दिल्लीच्या आसपासहून भांगेची ताजी झाडे आणली, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जुने आणि नवे तंतू ताडून पाहिले.

त्यांचे म्हणणे असे की माती आणि चुन्यात मिसळलेल्या या तंतूंनी गिलावा घट्ट धरून ठेवला, दमटपणा सोसला आणि किडीला दूर ठेवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही, आणि तिथल्या चित्रांचा मोठा भाग किडीने खाल्ला आहे. दोन्ही लेणी एकाच मुलखातली, एकाच प्रकारच्या दगडात कोरलेली. एका ठिकाणच्या कारागिराने कुठली तरी वनस्पती कापून गिलाव्यात टाकली आणि त्याचा निकाल हजार-दीड हजार वर्षांनी लागला.

युरोपात भांगेच्या खोडाच्या गाभ्याचे तुकडे आणि चुना मिसळून बांधलेल्या घरांचे अलीकडे मोठे कौतुक होते. वेरूळचा निबंध त्या चर्चेतही गेला. मला त्यात वेगळी गोष्ट मोलाची वाटते. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक बांधकामाच्या प्रश्नात शिरला, त्याने रानात जाऊन झाड तोडून आणले आणि मालाला बोलते केले. बायोमटेरियल या भारदस्त नावाखाली जे चालते त्याचा पाया हाच आहे: कुठले झाड, कुठल्या महिन्यात तोडलेले, किती कुजवलेले, किती प्रमाणात.

रोबो आला, सिमेंट राहिले

आता रोबोकडे वळू. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात फाबिओ ग्रामाझिओ आणि मथियास कोहलर या दोन वास्तुविशारदांनी २००५ च्या सुमारास कारखान्यातला रोबो हात वास्तुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणला. मोटारींना वेल्डिंग करणारा हात विटा रचू लागला. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या एका द्राक्षमळ्याच्या इमारतीसाठी त्याने सुमारे २० हजार विटा रचल्या. प्रत्येक वीट वेगळ्या कोनात, त्यामुळे लांबून भिंतीत द्राक्षे दिसतात. एवढ्या विटा एवढ्या कोनांत लावायला गवंडी वेडा झाला असता.

पुढचा टप्पा छपाईचा. नळीतून ओला माल थरावर थर सोडत भिंत उभी करायची. भारतात मद्रास आयआयटीतून निघालेल्या त्वस्ता कंपनीने २०२१ साली तिथल्या आवारात ६०० चौरस फुटांचे छापील घर उभे केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूत छापील टपाल कार्यालय सुरू झाले. लार्सन अँड टुब्रोने मद्रास आयआयटीच्या मार्गदर्शनाखाली हजारेक चौरस फुटांची ती इमारत सुमारे दीड महिन्यात पूर्ण केली.

वेळ वाचला, साचे वाचले. पण नळीतून सुटणाऱ्या काँक्रीटमध्ये मोठी खडी चालत नाही. खडी कमी म्हणजे सिमेंटची लापशी जास्त, त्यामुळे छापील काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये साध्या काँक्रीटपेक्षा सिमेंट बहुधा अधिकच पडते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजतात. भट्टीला जळण लागते ते वेगळेच, आणि भाजताना दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. तेव्हा भिंत रोबोने छापली एवढ्यावर ती पर्यावरणाला धार्जिणी होत नाही.

दुसरा प्रश्न मजुरीचा. युरोपात गवंडी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून तिथे रोबोचा हिशेब बसतो. नायगाव पूर्वेच्या टॉवरवर काम करणारा बिगारी रोजंदारीवर मिळतो. त्याला घरी पाठवून लाखो रुपयांचा यांत्रिक हात आणण्यात ना शहाणपण ना न्याय. आपल्याकडे रोबोने माणूस वाचवून उपयोग नाही, त्याने माल वाचवला पाहिजे किंवा बदलला पाहिजे. ही अट घातली की जगभरच्या प्रयोगांतले आपल्या कामाचे कोणते, ते लगेच वेगळे दिसू लागतात.

भाताचे घर

पहिला प्रयोग इटलीचा. मास्सा लोम्बार्दा या गावात वास्प नावाच्या कंपनीने २०१८ साली ‘गाया’ नावाचे छोटे गोल घर छापले. मालाचे प्रमाण त्यांनी उघड सांगितले आहे: जागेवरची माती २५ टक्के, भाताचा चिरलेला पेंढा ४० टक्के, भाताचे तूस २५ टक्के आणि चुना १० टक्के. सिमेंट अजिबात नाही. भिंतीची जाडी ४० सेंटिमीटर, मधल्या पोकळीतही तूस भरलेले. ३० चौरस मीटर भिंत दहा दिवसांत झाली आणि भिंतीच्या मालाला खर्च आला ९०० युरो. २०२१ साली त्याच गावात वास्तुविशारद मारिओ कुचिनेला यांच्याबरोबर कंपनीने ‘तेक्ला’ हे मातीचे घर छापले: एकावर एक ३५० थर, सुमारे २०० तासांची छपाई, ६० घनमीटर माल.

गायाचे प्रमाण वाचताना पालघर जिल्हा आठवला नाही तरच नवल. वाडा कोलमचा हा जिल्हा. जूचंद्रच्या भोवती टॉवर आले तरी कामणकडच्या पट्ट्यात भाताची खाचरे अजून आहेत. पेंढ्याचा काही भाग गुरांना जातो. तूस गिरणीतून भट्टीला किंवा कचऱ्यात. माती तर पाया खणताना प्रत्येक इमारतीतून डंपर भरभरून निघते आणि पुढे खाजणात टाकली जाते.

गायाच्या मालासाठी वास्पने जड चाकांची दळणयंत्रणा वापरली. गोल पात्रात चाके फिरतात, माल दाबला जातो, रगडला जातो, एकजीव होतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या बांधकामात चुन्याची घाणी हेच काम करत असे. गोल चरात दगडी चाक, त्याला बैल. चुना, वाळू, पाणी, कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे बेलफळ. चुना नुसता कालवला तर फसफसा राहतो, रगडला तर लोण्यासारखा चढतो. चिमाजीअप्पांनी १७३९ साली घेतलेल्या वसईच्या किल्ल्यात चुन्याने सांधलेले दगड खाऱ्या वाऱ्यात अजून उभे आहेत. घाणीवरचा माणूस माल तयार झाला हे बोटाने आणि थापीने ओळखायचा. आजच्या प्रयोगशाळेत त्याला रिओलॉजी म्हणतात आणि रिओमीटर नावाच्या यंत्राने मोजतात. नळीत तुंबू नये इतका सैल, थरावर थर ठेवला तर बसू नये इतका ताठ, आणि खालचा थर सुकायच्या आत वरचा पडावा इतका सावकाश सुकणारा. तिन्ही अटी एकमेकींच्या विरोधात, आणि तिन्हींचा मेळ पाण्याच्या एका मापावर.

कोळंबीची साले, मिठागराचे पाणी

खाडी आणि समुद्र यांनीही या भागाला माल दिला आहे. नायगाव, वसई, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत कोळंबी सोलली जाते. सालांचा ढीग वास मारू लागला की फेकला जातो. त्या सालांत कायटिन असते. त्यावर प्रक्रिया केली की कायटोसान मिळते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेरी ऑक्समन यांच्या गटाने त्याचा वापर करून ‘अग्वाहोहा’ नावाची सुमारे पाच मीटर उंचीची रचना केली. गटाने दिलेला हिशेब वाचण्यासारखा आहे: ५,७४० गळलेली पाने, ६,५०० सफरचंदांच्या साली, ३,१३५ कोळंबीची कवचे. काम संपले की पावसात विरघळून मातीला मिळावे, ही त्यामागची कल्पना.

सिंगापूरमध्ये हावियेर फर्नांदेझ आणि वास्तुविशारद स्टिलियानोस द्रित्सास यांनी त्याहून व्यवहारी वाट धरली. लाकडातले सेल्युलोज आणि थोडे कायटोसान यांचा लगदा करून त्यांनी तो रोबोच्या हाताने छापला आणि २०१८ साली १.२ मीटर लांबीचे पवनचक्कीचे पाते करून दाखवले. ना प्लास्टिक, ना घातक द्रावक.

मिठागराचीही अशीच कथा. भाईंदर ते नायगाव गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन दिसतात. मीठ काढणे, भातशेती आणि खाडीतली मासेमारी यांवर इथला आगरी समाज पिढ्यान्‌पिढ्या जगला. मीठ बसल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियम असते, आणि मॅग्नेशियमपासून सिमेंट करता येते. संयुक्त अरब अमिरातीत काम करणाऱ्या वाएल अल अवार आणि जपानच्या केनिची तेरामोतो या वास्तुविशारदांनी समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांतल्या खारट सांडपाण्यातून मॅग्नेशियमचे सिमेंट काढले, हाताने ओतलेल्या तुकड्यांतून रचना उभी केली आणि २०२१ च्या व्हेनिस वास्तुकला प्रदर्शनात अमिरातीच्या दालनासाठी सुवर्णसिंह पटकावला. त्यांना ही कल्पना त्यांच्याकडच्या क्षारपड जमिनीवरून सुचली. आपल्याकडे मिठागराची जमीन म्हटली की चर्चा थेट घरबांधणीच्या आरक्षणावर जाते.

वाकड्या लाकडाचा मान

रोबोचा सर्वांत शहाणा उपयोग मात्र मला इंग्लंडमधल्या हूक पार्कच्या जंगलात दिसतो. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या शाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथे लाकडाच्या ढलप्या ठेवण्यासाठी एक कोठार बांधले. ते २०१६ साली पूर्ण झाले. त्यांनी जंगलातली बीचची दुबेळकी झाडे उभ्याउभ्या टिपली, निवडलेल्यांचे त्रिमितीय स्कॅन केले, कुठले दुबेळके कुठे बसवावे हे संगणकाला ठरवू दिले आणि जोडाच्या खाचा रोबोच्या हाताकडून कोरून घेतल्या. एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही, तरी कमान जुळली.

वारली घराची मेढ निवडणारा माणूस हेच करतो. कुठले बेचके किती भार घेईल हे तो रानातच ठरवून येतो. लाकूडकापणीच्या कारखान्याने सरळ फळीला मान दिला आणि वाकड्या लाकडाला सरपणात ढकलले. स्कॅनर असलेला रोबो त्या वाकड्या लाकडाला पुन्हा कामावर घेऊ शकतो. बांबूलाही तसेच. नागपूरच्या विनू काळे यांनी बांबूचा ध्यास घेतला. त्यांच्या प्रेरणेने सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटातल्या लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र उभारले. तिकडे सिंधुदुर्गात कुडाळची कॉनबॅक ही संस्था २००४ पासून बांबूच्या बांधकामात आहे. बांबूचे प्रत्येक पेर वेगळे, जाडी वेगळी, म्हणून अभियंते त्याला बिचकतात. प्रत्येक पेर मोजून घेणारे यंत्र हाती आले तर ती भीती कमी होईल.

फ्रायबुर्गच्या वनस्पतिउद्यानात २०२१ साली उभा राहिलेला लिव्हमॅट्स मंडपही त्याच जातीचा. स्टुटगार्टचे आखिम मेंगेस, यान क्निपर्स आणि फ्रायबुर्गचे वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी निवडुंगाच्या आतल्या जाळीचा अभ्यास करून रोबोच्या हाताने तंतू गुंडाळले आणि त्याचे १५ भाग केले. हे तंतू जवसाच्या खोडाचे. जवस आपण चटणीसाठी पिकवतो आणि खोडाकडे ढुंकून पाहत नाही.

पावसाची परीक्षा

हे सगळे प्रयोग कोकणात आणले तर पहिली गाठ पावसाशी. वसईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, वारा आडवा मारतो आणि हवा खारट असते. कायटोसान पाण्याने मऊ पडते. मातीची छापील भिंत थरांच्या सांध्यात पाणी धरते. पेंढ्याला बुरशी आणि वाळवी. इटलीत टिकलेले घर इथे टिकेलच असे नाही. म्हणून जुने घर पाहावे: उंच दगडी जोते, पागोळ्या लांब टाकणारे छप्पर, पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झडप. या तीन गोष्टी नसतील तर उत्तम बायोमटेरियलही दुसऱ्या श्रावणात लोळण घेईल.

दुसरी परीक्षा भूकंपाची. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. जड मातीची भिंत धक्क्यात धोकादायक. कुडाची हलकी भिंत त्या मानाने दयाळू. मातीच्या इमारतींची भूकंपसुरक्षा (आयएस १३८२७), मातीचे ठोकळे (आयएस १७२५) आणि बांबूची रचना (आयएस १५९१२) यांच्यासाठी भारतीय मानके आहेत. रोबोने छापलेल्या तूस-चुना-मातीच्या भिंतीसाठी तसा तयार आधार नाही; आणि ज्याला मानक नाही त्याला बँक कर्ज देत नाही, पालिकेचा अभियंता सही करत नाही. त्यामुळे अशा संशोधनाचे अर्धे आयुष्य प्रदर्शनांच्या मंडपांतच सरते.

मग जूचंद्रसारख्या गावात संशोधकाने काय करावे? घर छापायची घाई करू नये. मोकळ्या जागेत कंबरभर उंचीच्या भिंती उभाराव्यात: एक कुडाची, एक चुना-तुसाची हाताने चढवलेली, एक रोबोने छापलेली, एक मिठागराच्या मॅग्नेशियमची. त्यांवर चार पावसाळे जाऊ द्यावेत. कोणाची कड झडली, कोणाला वाळवी लागली, कोणती दुरुस्त करायला किती मजुरी पडली, हे सर्व उघड्या वहीत लिहावे. पीएच.डी.ची मुदत आणि निधीची वर्षे याला पुरत नाहीत हे खरे. मग मुदत बदलावी, पाऊस बदलणार नाही.

आणि त्या भिंतींवर जी माणसे काम करतील त्यांची गणना मजुरांत करू नये. माल सैल झाला की ताठ, हे सांगणारा गवंडी, कारवी कधी तोडायची ते सांगणारी पाड्यावरची बाई, चिमटीतून सुटणाऱ्या भुकटीचा वेग जाणणारा रांगोळीकार, मिठागराचा तळ चोपून पाणी अडवणारा आगरी कामगार, यांच्या हातातले आकडे काढून रोबोला दिले जाणार आहेत. भरतकाम, विणकाम, रानातली औषधे या सर्व बाबतींत आपण पाहिले आहे की विद्या गावातून जाते आणि मोबदला गावात येत नाही. इथे सुरुवातीलाच करार व्हावा: संशोधनात गेलेल्या दिवसांची मजुरी कुशल कामगाराच्या दराने, शोधनिबंधावर सहलेखक म्हणून नाव, आणि त्यातून पेटंट निघाले तर गावाचा हिस्सा. वेरूळच्या गिलाव्यात भांग टाकणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण तेव्हा ते कोणी लिहून ठेवले नाही. आज ती सबब चालणार नाही.